नातवाच्या थेरपिस्ट ताईंस आभारपत्र

इंदूर, रंगपंचमीनंतरचा रविवार

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

दोन वर्षांपूर्वी नातवाला घेऊन आम्ही प्रथम आपल्याकडे आलो, तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि घरात त्याच्यासाठी एकच विशेषण रूढ होते: हट्टी. ते मीच रूढ केले होते, म्हणून हे पत्र सुनेऐवजी मी लिहीत आहे. गणवेशाच्या कॉलरमागचे लेबल टोचते म्हणून तो रडे, मिक्सर सुरू झाला की कान झाकून गॅलरीत पळे आणि पोह्यांवर शेव दिसली की बशी दूर लोटे. इंदूरच्या घरात शेवेविना पोहे मागणे मला जवळजवळ उद्धटपणा वाटे.

दिवाळीच्या पहाटे मात्र माझ्याकडून मोठी चूक झाली. अभ्यंगस्नानासाठी त्याला पाटावर बसवून मी हलक्या बोटांनी उटणे लावू लागले, तसा तो किंचाळून उठला आणि मी त्याला दरडावून पुन्हा बसवले. हे ऐकून आपण शिस्तीचा काही उपाय सांगाल, असे मला वाटले होते. आपण एवढेच विचारले, "आजी, हात हलका होता की दाबून?" निसटता स्पर्श संवेदना तीव्रतेने जाणवणाऱ्या काही मुलांना असह्य होतो आणि तळहाताचा संथ, भक्कम दाब मात्र सुखावतो, हे इतकी मुले-नातवंडे न्हाऊ घालूनही मला ठाऊक नव्हते. पुढच्या दिवाळीला त्याला आधी विचारून, दाबून तेल लावले. तो पाटावर बसून राहिला.

पंचेंद्रियांखेरीज स्नायू-सांध्यांतून मिळणारी शरीराची जाणीव आणि अंतर्कर्णातून येणारी तोलाची जाणीवही असते, आणि या सगळ्यांचा मेळ मेंदू कसा घालतो याची मांडणी अमेरिकेतील ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे जमावीत म्हणून उपचार करणाऱ्या) ए. जीन एअर्स यांनी १९६० व १९७० च्या दशकांत केली, हे आपण कागदावर चित्र काढून समजावले. त्याच बैठकीत आपण हेही सांगितले की अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत संवेदनांना कमी-अधिक प्रतिसाद देणे हे स्वमग्नतेच्या लक्षणांत धरले असले, तरी अशा अडचणींना स्वतंत्र निदान म्हणून स्थान दिलेले नाही, आणि थेरपीच्या परिणामांविषयी तज्ज्ञांत अजून एकमत नाही. बरे करून देण्याची हमी आपण दिली नाहीत, म्हणूनच माझा आपल्यावर विश्वास बसला.

मग घरातलीच कामे उपयोगी पडली. तो कणीक मळतो, तुळशीसाठी पाण्याची छोटी बादली उचलून नेतो. शाळेतून चिडून आला की झोपाळ्यावर संथ, सरळ झोके घेतो. गरागरा फिरवले की बेफाम होतो, हे आता त्याच्या आत्यालाही कळले आहे. मिक्सरचे बटण तोच दाबतो. आवाज केव्हा येणार हे हातात असले की तो पळत नाही. शेव वेगळ्या वाटीत असते आणि ती वाटी बहुधा मीच संपवते.

यंदा गेर, म्हणजे रंगपंचमीची रंग उडवत निघणारी मिरवणूक, पाहायला त्याला राजवाड्याजवळ नेण्याचा आग्रह मी धरला नाही. मावशींच्या गच्चीवरून, कानांवर आवाज अडवणारे हेडफोन लावून, त्याने टँकरमधून उंच उडणारे रंग पाहिले. दहा मिनिटांनी "आजी, पुरे" म्हणाला आणि आम्ही खाली उतरलो.

आपली कृतज्ञ,
नातवाची आजी