पाचवी खिडकी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "रस्त्यात बसून चित्रं काढायची म्हणजे नेमकं काय करता?" मला धड उत्तर देता आलं नाही. मग आईनं फोन घेतला आणि बोलणं माझ्या खोकल्यावर गेलं. खोकला बरा आहे. फोनवर मी घाईत असते आणि ही गोष्ट घाईत सांगावीशी वाटत नाही, म्हणून पत्र.

गेले चार महिने मी एक रविवार सोडून एक रविवार स्केचिंगच्या गटाबरोबर बाहेर पडते. आदल्या आठवड्यात जागा ठरते. कधी जुनी बाजारपेठ, कधी रेल्वे स्टेशन, कधी नुसताच एखादा चौक. सकाळी सगळे जमतो आणि आपापली जागा शोधून बसतो. दोन तास कोणी कोणाशी फारसं बोलत नाही. शेवटी सगळ्यांच्या वह्या जमिनीवर शेजारी शेजारी उघडून ठेवतो. एकच चौक पंधरा वह्यांत पंधरा तऱ्हांनी उतरलेला असतो. फी नाही, परीक्षा नाही. गटात एक निवृत्त शिक्षिका आहेत, कॉलेजातली दोन मुलं आहेत, एक डॉक्टर आहेत. आई, तुला काळजी होती ना, की सुट्टीच्या दिवशी मी एकटी खोलीत पडून असते? आता तसं नाही.

बाबा, याची सुरुवात कुठून झाली तेही सांगते, तुम्हाला आवडेल. गॅब्रिएल कांपानारिओ नावाचे मूळचे स्पेनचे एक पत्रकार-चित्रकार अमेरिकेत सिएटलला राहायला गेले. नवं शहर ओळखीचं व्हावं म्हणून ते जागेवर बसून चित्रं काढत. २००७ साली त्यांनी अशीच चित्रं काढणाऱ्यांना इंटरनेटवर एकत्र आणलं, आणि २००९ साली त्यातून 'अर्बन स्केचर्स' ही ना-नफा संस्था उभी राहिली. आज जगभर कितीतरी शहरांत असे गट आहेत. त्यांच्या जाहीरनाम्यात आठ कलमं आहेत. चित्र समोर बघून, जागेवरच काढायचं. त्या स्थळाची आणि त्या काळाची ती नोंद असली पाहिजे. जे दिसतं त्याच्याशी प्रामाणिक राहायचं. साधन कुठलंही चालतं. पहिल्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे शेवटी येते.

मला वाटायचं, मला चित्र काढता येतं. पहिल्या रविवारी एका जुन्या दुमजली इमारतीसमोर बसले. तासाभरात रेघा काढून झाल्या, रंगही भरायला घेतला. तेवढ्यात तिथला पहारेकरी मागे येऊन उभा राहिला. बराच वेळ बघून म्हणाला, "वर पाच खिडक्या आहेत. तुम्ही चार काढल्यात." मी मान वर केली. खरंच पाच होत्या. तासभर मी त्या इमारतीकडे बघत होते आणि खिडक्या मात्र मनानंच घातल्या होत्या. खाली चार कमानी, म्हणून वर चार खिडक्या. त्या माणसानं कधी चित्र काढलं नसेल, पण तो ती इमारत रोज बघतो. त्या दिवसापासून मी आधी मोजते, मग काढते. खरं सांगायचं तर चार महिन्यांत हात थोडासाच सुधारलाय. डोळा मात्र पुष्कळ सुधारलाय, आणि मला त्याचंच जास्त अप्रूप आहे.

बाबा, तुमची आठवण सगळ्यात जास्त आली ती पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळचं-लांबचं डोळ्याला दिसतं तसं कागदावर उतरवणं, शिकताना. तुम्ही जन्मभर ड्रॉइंग बोर्डावर प्लॅन आणि एलिव्हेशन काढलीत. एलिव्हेशनमध्ये, म्हणजे इमारतीच्या एका बाजूच्या सरळ नकाशात, सारख्या खिडक्या सारख्याच मापाच्या राहतात, समांतर रेघा समांतरच राहतात. इमारत जशी *आहे*, तशी. आम्ही काढतो ती जशी *दिसते*, तशी. रस्त्याच्या कडेनं लांब जाणाऱ्या छज्जाच्या, खिडक्यांच्या, पायऱ्यांच्या रेघा एकमेकींकडे झुकत एका बिंदूत मिळतात, आणि तो बिंदू आपल्या डोळ्यांच्या पातळीवर असतो. मी उभी राहिले की ती पातळी वर जाते, स्टुलावर बसले की खाली येते. सपाट रस्त्यावर मी उभी असताना माझ्याएवढ्या उंचीची माणसं जवळ असोत की लांब, सगळ्यांची डोकी एकाच रेघेवर येतात. फक्त पाय वर-खाली होतात. हे कळलं त्या दिवशी मी बस स्टॉपवर नुसती डोकी बघत उभी राहिले, दोन बस सोडल्या.

माप घ्यायची रीत अगदी साधी आहे. हात पूर्ण ताठ धरायचा, एक डोळा मिटायचा, आणि पेन्सिलीच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत दाराची उंची पकडायची. मग तीच उंची भिंतीवर किती वेळा बसते ते बघायचं. कोपर जरा जरी वाकलं की माप बदलतं.

सावलीचंही तसंच आहे. सूर्य तासाला साधारण १५ अंश सरकतो. दोन तासांत छज्जाची सावली खिडकीवरून पार दुसरीकडे जाते. म्हणून सावल्या पहिल्या दहा मिनिटांतच पेन्सिलीनं आखून घ्यायच्या आणि नंतर कितीही मोह झाला तरी बदलायच्या नाहीत. नाहीतर एकाच भिंतीवर नऊची सावली आणि अकराची सावली शेजारी शेजारी येतात.

सामान थोडंच आहे. घडीचं स्टूल, फाउंटन पेन, जलरंगांची छोटी डबी, दोन ब्रश आणि ३०० जीएसएम, म्हणजे चांगल्या जाड, कागदाची वही. पातळ कागद पाण्यानं फुगतो. शाई मात्र वाळल्यावर पाण्यात न विरघळणारी हवी. दुसऱ्या रविवारी माझी शाई साधी होती. आकाशावर पाणी फिरवलं आणि सगळ्या रेघा निळ्या होऊन वाहिल्या. शेजारी बसलेल्या शिक्षिकाबाईंनी काही न बोलता त्यांचं पेन माझ्यापुढे धरलं. त्या पेनानं मी पुढच्या पानावर तेच चित्र पुन्हा काढलं.

आता त्या पहिल्या कलमाबद्दल. त्यात म्हटलंय, घराबाहेर किंवा घरात. म्हणजे घरात बसून खिडकीतून दिसतं ते काढलं तरी ते तितकंच खरं.

बाबा, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तुम्ही त्या खिडकीशी बसून असता. फोनवर "काय करताय" विचारलं की "काही नाही" म्हणता. मला ते ऐकवत नाही. ज्या हातानं इतकी वर्षं नकाशे काढले, तो हात नुसता खुर्चीच्या दांड्यावर ठेवलेला मला बघवत नाही. या पत्रासोबत एक वही आणि पेन पाठवतेय. शाई तीच, न विरघळणारी. पट्टी घ्यायची नाही, एवढीच अट. रेघ थरथरली तर थरथरू द्या. समोरची इमारत काढा, आणि कोपऱ्यात तारीख, वेळ आणि कुठून काढलं ते लिहा. पुढच्या रविवारी सकाळी नऊला आम्ही सगळे बसू, तेव्हाच तुम्हीही बसा.

आणि आई, बाबांचं काढून झालं की तू त्यांच्या मागे उभी राहून खिडक्या मोज.

तुमची,
लेक