उस्तादच्या तळहातावरच्या दोन रिंगा

वडोदरा, रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

अण्णांच्या वर्षश्राद्धापासून तुझे तीन मेसेज आणि एक फोन तसाच पडून आहे. तिन्हीत तू अण्णांच्या पान्यांच्या पेटीबद्दल विचारलं होतंस. त्याचं शेवटी लिहितो, कारण ते आधी लिहिलं तर पुढचं लिहायला हात धजणार नाही. तब्येत ठीक. पाठ अधूनमधून धरते, साखर गोळीवर आहे, हिचे गुडघे तिच्या मते ठीक आणि डॉक्टरांच्या मते नाहीत. बस.

लिहायचं कारण वेगळं आहे आणि ते तुझ्याशिवाय कोणाला कळणार नाही. इथे ज्याला सांगतो तो म्हणतो, "गाडी आहे, होतं असं. पोरगी सुखरूप आहे ना?" पोरगी सुखरूप आहे. पण गॅरेजात अण्णांच्या हाताखाली शिकलेला माणूस तेवढ्यावर झोपू शकत नाही, हे तुला माहीत आहे.

झालं असं. होंडा सिटी गाडीचं ऑइल बदलायला आलं होतं. दरवेळी मी स्वतः करतो, पण गेल्या वर्षी पाठीचं प्रकरण झाल्यापासून गाडीखाली शिरायला घरात बंदी आहे. चिनू शनिवारी आली होती, सोमवारी पहाटे गाडी घेऊन अहमदाबादला परत जाणार होती. म्हटलं, तिला ताजं ऑइल घालून देऊ. हायवेकडे जाताना एक नवं दुकान झालंय, बाहेर मोठ्या अक्षरांत "दहा मिनिटांत ऑइल चेंज". आत एसी, सोफा, कॉफीचं मशीन. मी सोफ्यावर बसलो, बाळ्या. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या गाडीचं ऑइल निघत असताना मी तिच्याजवळ उभा नव्हतो. काचेतून एक पोरगा दिसत होता, एकोणीस-वीसचा. त्याच्या डोक्यावर भिंतीवर घड्याळ लावलेलं, प्रत्येक गाडीला उलटं मोजणारं. एकदा उठून विचारलं, "नट कशाने आवळतोस?" तर मॅनेजर म्हणाला, "काका, चिंता ना करो, दस मिनिटमां थई जशे." नऊ मिनिटांत झालं. मध्ये इंजिन फ्लश करून घ्या म्हणून दोनदा विचारून गेले, एअर फिल्टर काढून नाकासमोर धरला. तो मी जानेवारीत स्वतः बदललेला! तेव्हाच उठून यायला हवं होतं.

अण्णा ऑइल सोडून चहा मागवायचे, आठवतं? चहा यायचा, प्यायचा, कप विसळून परत जायचा, तेव्हा कुठे चेंबरचा, म्हणजे ऑइल सोडायच्या भोकाचा, नट हातात घ्यायचे. "शेवटचा थेंब सगळ्यात काळा असतो रे," म्हणायचे. नऊ मिनिटांत तो थेंब खाली येतो का सांग.

रविवारी गाडी गावात फिरली. दांडिया बाजारात हिच्या मावशीकडे जाऊन आलो, येताना शेव-उसळ खाल्ली. काही नाही. पार्किंगमध्ये खाली वाकून पाहिलं नाही, कारण वाकायला बंदी. सोमवारी पहाटे साडेपाचला चिनू निघाली. एक्सप्रेस वेला लागली, आणंदच्या अलीकडे ताशी नव्वदला असताना समोर किटलीचं, म्हणजे ऑइलच्या दाबाचं, लाल चिन्ह पेटलं. मी तिला शिकवलं होतं: पिवळा दिवा म्हणजे बघ, लाल म्हणजे थांब, विचार करू नकोस. तिच्या डावीकडे ट्रकची रांग होती. बाजूला येऊन चावी बंद करेपर्यंत पाऊण मिनिट गेलं, असं ती म्हणते. ताशी नव्वदने पाऊण मिनिट म्हणजे किलोमीटरच्याही पुढे. मागे रस्त्यावर काळा पट्टा. अंधारात एकटी, शेजारून ट्रक जाताहेत, आणि गाडीच्या पोटातून गरम ऑइल टपकतंय. तिने हायवेच्या मदतीच्या १०३३ ला फोन केला, मग मला. मला फोन करताना तिचा आवाज अगदी शांत होता. त्या शांतपणाचीच मला भीती वाटली.

क्रेनने गाडी आणली ती थेट उस्तादकडे. हो, आपला नवापुऱ्याचा उस्ताद, सत्तरी ओलांडली, एक डोळा गेला, पण घराच्या ओट्यावर अजून बसतो. त्याने खाली झोपून पाहिलं, चेंबरचा नट जागेवर होता. मग फिल्टरला हात लावला आणि गप्प झाला. फिल्टर काढून बाहेर आला आणि माझा तळहात मागितल्यासारखा स्वतःचा पुढे केला. त्यावर दोन रिंगा. एक नव्या फिल्टरची, एक जुन्याची.

तुला यापुढे सांगायची गरज नाही, तरी लिहितो, लिहिल्याशिवाय राग उतरत नाही. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिली. पोराने बघितलं नाही, फडकं फिरवलं नाही, तिच्यावरच नवा बसवला. रबरावर रबर. उभ्या गाडीत थेंबही येत नाही, गावात फिरलं तरी धरतं. पण पहाटे थंड ऑइल दाट असतं, दाब वाढतो, वर इंजिनला वेग दिला की एक रिंग दुसरीवरून सरकते आणि कडेने बाहेर निघते. मग साडेतीन लिटर ऑइल जायला वेळ लागत नाही. अण्णांनी पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट ही. "फिल्टर उतरला की आधी रिंग मोज." मोज म्हणायचे, बघ नाही. एकच असायची, तरी मोजायला लावायचे. मला तेव्हा ते म्हाताऱ्याचं खूळ वाटायचं. तुलाही वाटायचं, आता नाही म्हणू नकोस.

आणि चेंबरचा नट! तो हवेच्या गनने असा आवळलेला की उस्तादला घाम फुटला. वायसर जुनाच, दाबून कागद झालेला. या गाडीला ३९ न्यूटन मीटर लागतं, म्हणजे पाव मीटरच्या पान्याच्या टोकावर सोळा किलोचा जोर, आपण एका हाताने सहज देतो तेवढा. चेंबर अ‍ॅल्युमिनियमचा, नट लोखंडी. दर वेळी गन चालवली तर आटे किती दिवस राहणार? इथे तुला वकीलसाहेबांची बुलेट आठवली असेल. पान्यावर पाइप घालून नट तू आवळलास, आटे तू घालवलेस, आणि थोबाडीत मी खाल्ली. अडतीस वर्षं झाली. कलाभवनाच्या पायऱ्यांवर तू कबूल करणार होतास, परीक्षेनंतर. कुठल्या परीक्षेनंतर ते सांगितलं नव्हतंस, म्हणून मी अजून थांबलोय.

दुकानात गेलो होतो. मॅनेजरला दोन्ही रिंगा दाखवल्या, तर म्हणे रस्त्यावर दगड लागला असेल. दगडाने रिंगा व्यायल्या का? मग बिल काढून दाखवलं, त्यावर सगळ्या ओळींपुढे बरोबरच्या खुणा, "लीक चेक" पुढेसुद्धा. शेवटी म्हणाला, पुढचं ऑइल फुकट करून देतो. मी ओरडणार होतो, पण मागे तो पोरगा दिसला. दुसऱ्या गाडीखाली होता, डोक्यावर घड्याळ चालू होतं. त्याला रिंग दाखवली आणि सांगितलं, मोजत जा. त्याने खरंच हातात घेऊन पाहिली. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं रे. त्याला ऑइल बदलायला शिकवलं नाही, वेळ गाठायला शिकवलंय. राग त्याच्यावर नाही. त्याच्या जागी अठराव्या वर्षी आपण असतो, वर अण्णांऐवजी ते घड्याळ असतं, तर आपणही तेच केलं असतं.

पण बाळ्या, माझी झोप उडवलीय ती गोष्ट दुसरीच आहे. दोन दिवसांनी चिनूने जेवताना विचारलं, "बाबा, तुम्ही स्वतः का नाही केलंत?" रागाने नाही. खरंच जाणून घ्यायचं होतं म्हणून. मी पाठीचं सांगितलं. ती "हं" म्हणाली. तेव्हापासून ती रेल्वेने जाते. पहाटे स्टेशन, गर्दी, उभ्याने प्रवास. गाडी ने म्हटलं की म्हणते, रेल्वेच बरी पडते. लहानपणी कमाटी बागेच्या उतारावर सायकलचा ब्रेक लागेल का, असं तिने कधी विचारलं नाही, कारण ब्रेक मी आवळलेला असायचा. तो विश्वास मी आठशे रुपये मजुरीत सोफ्यावर बसून घालवला.

म्हणून बंदी मोडली. उस्तादने घातलेल्या ऑइलवर पाचशे किलोमीटर मुद्दाम चालवली, आणि आज सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः बदललं. हिला सांगितलं भाजी आणायला जातोय. गाडी पाच मिनिटं चालवून कोमट केली, जॅकवर उचलून खाली दोन घोड्या लावल्या (नुसत्या जॅकवर शिरलो नाही, रागावू नकोस), नट सोडला आणि तिथेच पाटावर बसून थर्मासमधला चहा प्यायलो. कप विसळून आणला. फिल्टर काढला, रिंग मोजली. एक. बोटाने इंजिनची जागा चाचपली, फडक्याने पुसली. नव्या रिंगेला नवं ऑइल लावलं, हाताने टेकेपर्यंत आणि वर पाऊण वेढा, पाना नाही. नवा वायसर. मग ऑइल जरा कमीच ओतलं, इंजिन एक मिनिट चालवून बंद केलं, थांबून ऑइलची काडी पाहिली, मग उरलेलं. एक तास वीस मिनिटं. पाठ अजून तरी काही बोललेली नाही. दुपारी हिने सदऱ्याचा वास घेतला आणि विचारलं, भाजी कुठल्या गॅरेजमधून आणली?

जुनं ऑइल पाच लिटरच्या कॅनमध्ये बंद करून ठेवलंय. उस्तादकडे रिसायकलवाल्याचा माणूस येतो, त्याला देईन. शेजारचे म्हणाले गटारात ओता. इथलं गटार शेवटी विश्वामित्री नदीतच जातं, आणि मगरींनी आपलं काय वाकडं केलंय? पुरात काहीजणी रस्त्यांवर येऊन गेल्या असतील, तेवढंच.

आता मुद्दा. काढलेला फिल्टर मी कापला. आतला कागद पंख्यासारखा उलगडला आणि उन्हात धरला. घड्यांमध्ये बारीक चमक दिसते. फार नाही. मोठे म्हणावेत असे चार-पाच कण, राईच्या निम्मेही नाहीत. चुंबक फिरवलं, चिकटले नाहीत. चिकटले असते तर लोखंड म्हणून निदान कळलं असतं. न चिकटणारी चमक म्हणजे बेअरिंगचा थर निघालाय का? का फिल्टरच्या डब्यावरचा रंग कापताना आत उडालाय? मी करवतीने कापला, तीच चूक झाली असेल. कानाला इंजिन स्वच्छ लागतं, दिवा सुरू होताच लगेच विझतो. उस्ताद म्हणतो चालव. पण उस्तादला एकच डोळा आहे. तू चाकणला रोज इंजिनं उघडी बघतोस. सहा फोटो पाठवतोय, दोन उन्हातले, बाकी बॅटरीच्या उजेडातले. खरं सांग. चिनूला परत गाडी देऊ का? "बहुतेक ठीक आहे" असं लिहू नकोस. बहुतेकवर मी तिला एक्सप्रेस वेला सोडणार नाही.

वहिनींचं ऑपरेशन छान झाल्याचं मावशीकडून कळलं. माईंना नमस्कार. निखिलला कुठली शाखा मिळाली ते कळवलं नाहीस. कोथरूडच्या घराला लिफ्ट आहे ना?

आता पेटी. पेटी माझ्याकडेच आहे. सापडत नाही म्हणालो ते खोटं होतं. अण्णा गेले त्या आठवड्यात दुकान रिकामं करताना मी ती घरी आणली, आणि तू मागितलीस तेव्हा देववेना. २०२४ च्या पुरात पार्किंगमध्ये पाणी भरलं तेव्हा आधी ती माळ्यावर चढवली, मग गाडी हलवायला धावलो. आज उघडली. सगळे पाने घासले, तेल लावून फडक्यात गुंडाळले, अण्णांच्या हस्ताक्षरातली यादी झाकणाला तशीच आहे. पुढच्या आठवड्यात मेव्हण्याची गाडी पुण्याला येतेय, तिच्यात पाठवतो. दहा वायसर आणले होते, त्यातले पाच आत ठेवलेत.

फक्त सतराचा पाना ठेवून घेतलाय. तोच, तू पाइप घातल्यामुळे किंचित वाकलेला. चेंबरच्या नटाला तो लागतो. अजून पाचशे किलोमीटरवर परत फिल्टर कापून बघायचाय, तोवर राहू दे. मग पाठवतो. नकोच पाठवू म्हणालास तर तसं कळव.

तुझा,
दिल्या