प्लीहा जागेवर आहे का, हेही एकदा बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या आरोग्याच्या पानावर शुगर, बीपी, गुडघे, ॲसिडिटी हे आलटून पालटून येत असतं. येऊ दे, लोकांना लागतं ते. पण प्लीहेवर म्हणजे स्प्लीनवर एक ओळ वाचल्याचं मला तरी आठवत नाही. ती कुठे असते विचारलं तर चांगली शिकलेली माणसंही पोटावर अंदाजाने कुठेतरी हात ठेवतात. असते डावीकडे बरगड्यांच्या आत, जठराच्या मागे, वजन साधारण दीडशे ग्रॅम, आणि ती तिथे टिकते ती जठर, मूत्रपिंड वगैरेंशी बांधणाऱ्या लिगामेंट्समुळे.

आता हे लिगामेंट्स जन्मतःच नीट तयार झाले नसतील किंवा नंतर सैल पडले, तर प्लीहा जागा सोडते आणि पोटात खाली उतरते, कधीकधी पार ओटीपोटात. याला वाँडरिंग स्प्लीन म्हणतात. लहान मुलांमध्ये आणि वीस ते चाळीस वयाच्या बायकांमध्ये जास्त सापडतो, पण एकूणात अगदी दुर्मिळ, कित्येक डॉक्टरांना आख्ख्या प्रॅक्टिसमध्ये असा पेशंट भेटत नाही, त्यामुळे त्यांना चटकन सुचलं नाही याचा मी राग धरत नाही. राग आहे तो "रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका" या वाक्याचा.

आमच्या भाचीला हे वाक्य इतक्यांदा ऐकवलं गेलं की घरातलेही तिला नाटकी म्हणायला लागले होते. दुखायचं तेव्हा घामाघूम व्हायची, उलट्या, आणि मग थोड्या वेळाने आपोआप थांबायचं, दवाखान्यात पोचेपर्यंत पोरगी ठणठणीत! गॅस झाला, पाळीचं दुखणं झालं, सगळं झालं सांगून. खरं कारण असं होतं की प्लीहा तिच्या रक्तवाहिन्यांच्या देठावर पीळ खायची आणि पीळ सुटला की दुखणं गायब, आणि अशा वेळी रक्ताच्या तपासण्या बऱ्याचदा नॉर्मलच येतात. शेवटी एका सोनोग्राफीवाल्या मॅडमनी डाव्या बरगड्यांखाली प्रोब फिरवला, तिथे नुसती आतडी, परत फिरवला, परत आतडी, मग त्या प्रोब खाली खाली नेत गेल्या आणि बेंबीच्याही खाली प्लीहा सापडली. पोटातली ती गाठ आधी हाताला लागायची, पण आडवं होऊन कूस बदलली की सरकायची म्हणून कुणी मनावर घेतलं नव्हतं.

म्हणून असं येऊन जाऊन दुखणं असेल तर सोनोग्राफी करताना सरळ विचारा, प्लीहा जागेवर आहे का? डॉप्लर करून तिचा रक्तपुरवठा बघायला सांगा. शंका राहिली तर काँट्रास्ट म्हणजे रक्तवाहिन्या ठळक दिसाव्यात म्हणून शिरेतून औषध देऊन सीटी करतात, त्यात पीळ पडलेला देठ भोवऱ्यासारखा दिसतो. मुलांच्या बाबतीत जठराचाही पीळ बघायला सांगा, कारण त्यालाही धरून ठेवणारे लिगामेंट्स यातलेच.

मग प्रश्न येतो कुणाकडे जायचं. पोटाच्या सर्जनकडे, मूल असेल तर बालशल्यचिकित्सकाकडे, आणि तिथे स्प्लेनोपेक्सी, म्हणजे प्लीहा न काढता जागेवर बसवण्याचं ऑपरेशन, करता का, आधी केली आहे का, हे विचारायला लाजू नका. प्लीहा जिवंत असेल तर ती जाळीच्या पिशवीत किंवा पोटाच्या अस्तरामागे कप्पा करून जागेवर बसवता येते, दुर्बिणीतूनही होतं. पूर्वी सरसकट काढून टाकायचे. रक्तपुरवठा तुटून ती मेलीच असेल तर काढण्याशिवाय इलाज नाही, पण नुसतं "काढून टाकू, तिच्यावाचून काही अडत नाही" कुणी म्हटलं तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्याच. अर्थात अचानक असह्य दुखणं आणि उलट्या सुरू झाल्या तर मतं गोळा करत बसायचं नाही, जवळच्या इमर्जन्सीत जायचं.

आणि अडतं बरं का! 1952 साली किंग आणि शुमाकर या डॉक्टरांनी प्लीहा काढलेल्या बाळांमधल्या भयंकर इन्फेक्शनबद्दल लिहून ठेवलंय. न्यूमोकोकससारखे जंतू रक्तातून गाळून काढणारी चाळणीच गेलेली असते, त्यामुळे साधा वाटणारा ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो. म्हणून न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल आणि हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी या जंतूवरची) या लसी ठरवून केलेल्या ऑपरेशनच्या निदान दोन आठवडे आधी घ्यायच्या, तातडीचं ऑपरेशन झालं असेल तर साधारण दोन आठवड्यांनी, शिवाय फ्लूची दरवर्षी. ताप आला की पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघायची नाही, लगेच हॉस्पिटल, आणि दारातच सांगायचं की प्लीहा काढलेली आहे. कुत्रा चावला तरी तेच. हे एका कार्डावर लिहून पाकिटात ठेवावं. डिस्चार्जच्या कागदावर टाके कधी काढायचे ते ठळक असतं आणि लसींचं एखाद्या कोपऱ्यात बारीक अक्षरात, ते आधी बदलायला हवं.

संपादक साहेब, यावर लेख छापणार असाल तर सर्जनऐवजी एखाद्या रेडिओलॉजिस्टकडून लिहून घ्या, आजार पहिल्यांदा त्यांच्याच स्क्रीनवर दिसतो. आणि सोबत पोटाचं एक चित्र छापा, प्लीहा कुठे असते ते दाखवणारं.

आपली,
एक नियमित वाचक