लिस्बनची तिकिटं काढली आहेत

फ्रँकफुर्ट, रविवार

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आई "बघू" म्हणाली असती आणि बाबांनी फोन तिच्याच हातात दिला असता. म्हणून लिहिते आहे. या मे महिन्यात आम्ही सावंतवाडीला येत नाही. तुम्ही दोघं इकडे या, आपण सगळे मिळून दहा दिवस लिस्बनला राहू. तिकिटं काढली आहेत आणि राहायची जागाही ठरली आहे. न विचारता केलं याचं वाईट वाटून घेऊ नका, आधी सगळं वाचा.

आंब्याच्या दिवसांत घर सोडायचं, आमसुलं कोण वाळवणार, फणसाचं काय, हे सगळं मला इथे बसून ऐकू येतंय. पण छोटी यंदा शाळेत जाईल. इथे एकदा शाळा सुरू झाली की मुलाला मध्येच काढून नेता येत नाही, आणि मोठी सुट्टी येते ती आपल्याकडे धो धो पाऊस असताना. मे महिना सगळ्यांनी एकत्र घालवायला यंदाचंच वर्ष मोकळं आहे. पैशांचा विषय काढू नका. आम्ही दोघांनी वर्षभर बाजूला टाकले आहेत.

आणि दुसरं कारण तुम्हाला माहीत आहे. गेल्या श्रावणात बाबा पडले, ते मला चार दिवसांनी कळलं. मी पोहोचले तोवर टाके निघाले होते. तुम्ही दोघं त्यावरून एक शब्द बोलला नाहीत, पण माझ्या मनातून ते जात नाही. तेव्हापासून संध्याकाळची तळ्याची फेरी बंद आहे, हेही शेजारच्या काकूंकडून कळलं. बाबा, मी बोल लावत नाहीये. लहानपणी त्या फेरीत तुमचं बोट धरून चालायचे आणि दमले की तुम्ही न सांगता खांद्यावर घ्यायचात. मला पुन्हा एकदा तुमच्याबरोबर पाण्याकाठी चालायचंय, इतकंच.

लिस्बन टेकड्यांवरचं शहर आहे, हे तुम्ही नकाशा उघडून शोधून काढालच. म्हणून आधीच सांगते. मधला बाइशा भाग सपाट आहे. १ नोव्हेंबर १७५५ ला मोठा भूकंप झाला, वर नदीचं पाणी आत घुसलं आणि आग लागली. त्यानंतर पोंबाल नावाच्या मंत्र्याने तो सगळा भाग सरळ, आखीव रस्त्यांचा नव्याने बांधून घेतला. आपण तिथेच राहणार. इमारतीला लिफ्ट आहे, मी मालकाकडून लेखी घेतलंय. खोल्या तीन, तुमची संडासाला लागून. दोन गल्ल्या ओलांडल्या की तेजू नदी. काठाने रुंद, सपाट रस्ता आहे, पाणी एका बाजूला, जागोजागी बसायला जागा. जिथे थकाल तिथे बसू, घाई कुणालाच नाही.

लिस्बनमधली ती टेकडीच्या उतारावर चढ-उतार करणारी गाडी रुळावरून घसरल्याची २०२५ च्या सप्टेंबरमधली बातमी बाबांनी मला पाठवली होती. तसल्या गाडीत आपण बसणार नाही. २८ नंबरच्या पिवळ्या ट्राममधून जाऊ, तीही सकाळी लवकर, मार्तिम मोनिझच्या पहिल्या थांब्यावरून, म्हणजे बसायला मिळेल. पाकीट मात्र मागच्या खिशात नाही. त्या ट्राममध्ये खिसे कापतात.

आई, आता तुझ्याशी. मागच्या वर्षी ऑफिसच्या कामाला दोन दिवस तिथे गेले होते, हे तुला सांगितलं होतं. एक गोष्ट नव्हती सांगितली. संध्याकाळी नदीकाठच्या मोठ्या चौकात गेले आणि पाय थबकले. ती कमान, घोड्यावरचा राजा, पिवळ्या भिंती. भाऊंच्या पत्र्याच्या पेटीतलं पोस्टकार्ड. रंग उडालेलं, पण तेच. म्हापशाच्या घरात तू ते पुसून पुन्हा कागदात गुंडाळून ठेवायचीस. तेव्हाच ठरवलं की तुला इथे आणायचं.

भाऊंना हे आवडलं असतं का, असं तू विचारशील. १९६१ नंतर त्यांनी पोर्तुगीज भाषा तोंडातून काढली नाही, पण कार्डही फेकलं नाही. दोन्ही खरं होतं, असं मला वाटतं. लिस्बनच्याच बेलें भागातल्या चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे. तुला आत यायचं नसेल तर आपण दोघी बाहेर बागेत बसू, बाबा आणि जावई बघून येतील. आणि तुला परकं नाही वाटणार ग. तिथे बटाट्याला बटाटाच म्हणतात, काजूला काजूच. साबणही कानाला ओळखीचा लागतो.

जेवणाची काळजी नको. स्वयंपाकघर आहे, कुकर मी इथून आणते. मार्तिम मोनिझच्या मागच्या गल्लीत डाळ-तांदूळ सगळं मिळतं. बाबांना कोळशावर भाजलेले सार्डिन मिळतील, आपल्या तारलीसारखेच. तुझ्या सोमवार-गुरुवारी मी पिठी-भात करीन. राधाकृष्णाचं मंदिरही आहे, मोझांबिकहून आलेल्या गुजराती मंडळींनी बांधलेलं. एका सकाळी तिथे जाऊ. बेलेंची ती प्रसिद्ध गोड टार्ट मात्र अंड्याची असते, वाराला खाऊ नकोस.

आता नीट ऐका. कुळथाचं पीठ, मालवणी मसाला, आमसुलं आणा. तूप, पेढे, आंबे अजिबात नाही, विमानतळावर काढून घेतात. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला दोघांनाही स्वतः जावं लागतं, दादा गाडी घेऊन येईल. विमा मी काढते, नियमाला तीस हजार युरोचा लागतो, मी जास्तीचा घेते आहे. आपल्याकडे सकाळचे आठ वाजतात तेव्हा तिथे पहाटेचे साडेतीन, तेव्हा डॉक्टरांकडून गोळ्यांच्या वेळा लिहून आणा. सगळ्या गोळ्या हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट. आणि बाबा, मुंबईला व्हीलचेअर घेऊन माणूस येईल, त्याला परत पाठवायचं नाही. तुम्हाला चालता येत नाही म्हणून नव्हे, तिथल्या रांगा लांब असतात म्हणून. चालायचं ते पुढे नदीवर.

आई, भाऊंचं कार्ड पर्समध्ये ठेव, मोठ्या बॅगेत नको.

तुमची,
चिमी

ता. क. बाबा, तिथल्या फुटपाथवर बारीक पांढरे दगड बसवलेत, झिजून गुळगुळीत झालेले. वहाणा चालणार नाहीत. रबरी तळाचे बूट आत्ताच घ्या आणि पायाला सवय होऊ द्या. सुरुवातीला अंगणात, मग कोपऱ्यापर्यंत. वाटलं तर आईला बरोबर घेऊन तळ्यापर्यंत जा.