दोन राउटरांची एक घडी बसवून देणाऱ्या काकांना अनावृत पत्र

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

नाशिकच्या आमच्या घरातील दोन राउटरांची घडी तुम्ही बसवून दिलीत, त्याबद्दल तुमचे आभार दारात उभ्याउभ्या मानून झाले होते. तरीही हे पत्र चारचौघांना वाचता येईल असे लिहीत आहे, कारण खाली एक राउटर आणि वर दुसरा अशी मांडणी दुमजली घरांतून सर्रास असते आणि काही बिनसले की दोष इंटरनेटच्या वेगाला दिला जातो.

आमची तक्रार वेगाची नव्हतीच. दिवाणखान्यात फायबर जोडणीसोबत आलेला राउटर होता, वर अभ्यासाच्या खोलीत दुकानातून आणलेला दुसरा होता, आणि दोन्ही मजल्यांवर इंटरनेट व्यवस्थित चालत होते. मात्र वरचा प्रिंटर खालच्या लॅपटॉपला सापडत नसे, आणि वर बसून मोबाइलमधले फोटो खालच्या टीव्हीवर दाखवायचे म्हटले तर टीव्ही यादीतच येत नसे. पाहायला आलेल्या तंत्रज्ञाने ‘प्रिंटर जुना झाला, नवा घ्या’ एवढे सांगून विषय संपवला होता. तुम्ही प्रिंटरकडे पाहिलेसुद्धा नाही. दोन्ही मजल्यांवरच्या लॅपटॉपांचे आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कवरचे त्यांचे क्रमांक, तेवढे वाचून दाखवायला सांगितलेत. खालचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होत होता, वरचा १९२.१६८.० ने, आणि दोन्हीकडे सबनेट मास्क, म्हणजे पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा हे सांगणारा आकडा, २५५.२५५.२५५.० होता, म्हणजे पत्त्यातले पहिले तीन आकडे जुळले तरच नेटवर्क एक. घरात एकाऐवजी दोन नेटवर्क नांदत आहेत, हे तुम्ही तेवढ्यावरून ओळखलेत.

खालून आलेली केबल वरच्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटसाठीच्या खाचेत, खोचलेली असल्यामुळे तो राउटर आमच्या दिवाणखान्यालाच बाहेरचे जग समजत होता. वरून निघालेली मागणी खाली पोहोचत होती आणि तिचे उत्तरही परत येत होते. पण खालून आपणहून वर येऊ पाहणाऱ्याला तो उंबऱ्यावरच अडवत होता. टीव्ही किंवा प्रिंटर शोधताना उपकरणे नेटवर्कवर जी हाळी देतात, ती तर राउटर ओलांडून पलीकडे जातच नाही. हे कळल्यावर टीव्ही यादीत का येत नाही, हा प्रश्नच उरला नाही.

पत्ते बदलले तर इंटरनेट बंद पडेल, ही आमच्या सौभाग्यवतींची धास्ती होती. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९६ साली ठरलेल्या नियमानुसार खासगी वापरासाठीच राखून ठेवलेले आहेत, जगभरातील असंख्य घरांत तेच आकडे चालतात आणि बाहेरच्या इंटरनेटवर त्यांना वाटच नाही, हे तुम्ही त्यांना ज्या शांतपणे समजावलेत, त्याचे मला विशेष वाटते. एरवी या विषयातले जाणकार समोरच्याला गप्प करण्यासाठीच बोलतात, असा माझा अनुभव आहे.

पण खरे आभार मानायचे आहेत ते कामाच्या क्रमाबद्दल. राउटरला हात लावण्याआधी तुम्ही कोऱ्या कागदावर पत्ते आणि सेटिंग नोंदवण्यासाठी रकाने आखायला लावलेत. नंतर खालच्या राउटरची डीएचसीपीची, म्हणजे उपकरणांना आपोआप पत्ते वाटण्याची, मर्यादा, जी पत्त्याच्या शेवटच्या आकड्यात २ पासून २५४ पर्यंत मोकळी होती, ती १०० ते २०० अशी आवळलीत, म्हणजे त्याखालचे आकडे कायमच्या पत्त्यांसाठी सुरक्षित राहिले. मग वरच्या राउटरची वॅन केबल काढून ठेवायला सांगितलीत. एकाच राउटरच्या दोन्ही अंगांना १९२.१६८.१ ची मालिका आली, तर तो गोंधळतो किंवा नवा पत्ता स्वीकारतच नाही. लॅपटॉप केबलने थेट त्याला जोडून त्याचा लॅन पत्ता, म्हणजे घराच्या आतल्या बाजूचा पत्ता, १९२.१६८.१.२ केला, तो पुन्हा सुरू झाल्यावर याच नव्या पत्त्यावरून आत शिरून त्याचे डीएचसीपी बंद केले, आणि मगच खालून आलेली केबल लॅन पोर्टमध्ये लावली. डीएचसीपी चालू ठेवून केबल हलवली असती, तर एकाच वाड्यात दोन कारभारी पत्ते वाटत बसले असते. डीएचसीपी बंद झाल्यावर मधल्या वेळात लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आला, तेव्हा मी दचकलो होतो. पत्ता देणारे कोणी भेटले नाही की संगणक असा पत्ता स्वतःच घेतो, केबल लावली की तो जाईल, असे तुम्ही म्हणालात आणि तसेच झाले.

प्रिंटरला कायमचा पत्ता देतानाचा प्रसंगही लक्षात राहिला आहे. मागच्या चिकटपट्टीवरचा मॅक पत्ता, म्हणजे कारखान्यातच मिळालेली उपकरणाची ओळखखूण, भिंगातून वाचताना मी एका जागी शून्य की इंग्रजी ‘ओ’ यावर अडलो होतो. त्या १२ खुणांत शून्य ते नऊ हे अंक आणि ए ते एफ एवढीच अक्षरे असतात, त्यामुळे ‘ओ’ तिथे संभवतच नाही, खरी काळजी ८ आणि ‘बी’ यांचीच घ्यायची, हे तुम्ही सांगितलेत. आता प्रिंटर आपल्या पत्त्यावरून हलत नाही.

दोन्ही वायफायना एकच नाव आणि एकच पासवर्ड देणे, २.४ गिगाहर्ट्झवर खाली चॅनेल १ तर वर ११ ठेवणे, डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण दाबून वायफायला जोडण्याची सोय, बंद करणे आणि कारखान्यातून आलेला व्यवस्थापकाचा पासवर्ड बदलणे ही कामे ओघात उरकली.

तुम्ही गेल्यानंतरची एक गोष्ट कळवायची आहे. मुलाचा टॅब रात्री दहानंतर बंद राहावा, असा नियम खालच्या राउटरवर घातला होता, तो लागू होईना. टॅबच्या खोक्यावरचा मॅक पत्ता बरोबर उतरवला होता; परंतु अँड्रॉइड १० पासूनची बहुतेक उपकरणे वायफायवर मूळ पत्त्याऐवजी त्या-त्या नेटवर्कपुरता वेगळा मॅक पत्ता दाखवतात. तुमच्या सवयीप्रमाणे आधी राउटरच्या यादीत टॅब कोणत्या पत्त्याने दिसतो ते पाहिले, घरच्या वायफायपुरता उपकरणाचा मूळ पत्ता वापरण्याचा पर्याय टॅबमध्ये निवडला आणि नियम चालू झाला. चिरंजीव मात्र तुमच्यावर नाराज आहेत.

रकान्यांच्या त्या कागदाची स्वच्छ प्रत सोबत पाठवत आहे. दोन्ही राउटरांच्या सेटिंगचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेऊन ठेवला आहे. कागदावरचा पासवर्डचा रकाना, तुम्ही बजावल्याप्रमाणे, कोराच ठेवला आहे.

आपला कृतज्ञ,
समोरच्या घरातील शेजारी