मागून कोणीतरी आमेन म्हणालं

प्रिय ढोल्या,

सलाम. (पुढे 'ख्रिस्तामध्ये' लिहिणार होतो, मग वाटलं तू नाक मुरडशील, मग वाटलं मुरडू दे, शेवटी अर्ध्यावरच सोडलं. वर्षभर माझं सगळं असंच चाललंय.)

तब्येत बरी आहे, चष्म्याचा नंबर वाढला, बाकी काही नाही. आपण बोललो नाही त्याला आठ महिने झाले ना? की नऊ? मी मोजत नव्हतो असं लिहिलं तर ते खोटं होईल. आज लिहायला बसलो ते वर्षाच्या शेवटच्या रात्रीच्या उपासनेमुळे. तिथे जे झालं ते ऐकून पोट धरून हसेल असा जगात एकच माणूस आहे आणि तो माझ्याशी बोलत नाही, म्हणजे बघ.

तर साक्ष द्यायची होती. पाळकसाहेबांनी आधीच सांगून ठेवलेलं, तरुणांतर्फे तू बोल, तीन मिनिटं, वर्षभरात देवाने काय काय केलं ते. मी मोबाईलवर नीट लिहून नेलेलं, परीक्षा, आरोग्य, आईवडील, तरुण संघात नवीन पोरं आली, सगळं क्रमाने. उभा राहिलो, माइकने नेहमीसारखी शिट्टी मारली, पहिल्या बाकावरच्या आजी दचकल्या, तेवढ्यात मोबाईलचा स्क्रीन काळा झाला आणि मला तो परत उघडावासाच वाटेना. म्हणालो, मी ऑगस्टपासून प्रार्थना केलेली नाही.

आणि मागून कोणीतरी खणखणीत आवाजात म्हणालं, "आमेन!"

खरंच सांगतोय. मग दुसरीकडून "प्रभूची स्तुती असो". कीबोर्डवाल्याला वाटलं साक्ष संपली, त्याने कोरस सुरू केला, लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले आणि मी माइक धरून तसाच खांबासारखा उभा. तू शेजारी असतास तर आपल्याला बाहेर काढलं असतं, त्या लग्नासारखं.

घरी येऊन मात्र झोप लागली नाही. हसू आलं, मग भीती वाटली. कारण ढोल्या, ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत संघाची दर शुक्रवारची प्रार्थना मीच चालवत होतो. आणि ती चांगली व्हायची! तोच तर घोळ आहे. डोळे मिटले की तोंड आपोआप सुरू, "हे दयाळू स्वर्गीय पित्या", आवाज कुठे खाली आणायचा, कुठे थांबायचं सगळं पाठ, आणि डोक्यात त्या वेळी काय तर प्रोजेक्टरची केबल कोणाकडे राहिली. एकदा एक नवीन पोरगा येऊन म्हणाला, दादा तुमच्या प्रार्थनेने मला खूप धीर आला. मला पळून जावंसं वाटलं. एकटा असताना खोलीत गुडघे टेकायचो तर एक शब्द नाही. लोकांना दिसावं म्हणून प्रार्थना करणाऱ्यांबद्दल येशू मत्तय सहामध्ये काय बोललाय ते तुला माहितीये, मला तर तो अध्याय पाठ आहे, बक्षीस मिळालंय त्याचं.

सुरुवात कुठून झाली ते पण सांगतो. ऑगस्टमध्ये निकाल लागला, एक विषय राहिला. फार मोठं काही नाही, लोकांचे राहतात, पण मी आपला चार महिने रात्री अभ्यास आणि पहाटे प्रार्थना करून बसलेलो, मला वाटलेलं आपला काहीतरी व्यवहार ठरलाय. त्या रात्री अकरा जणांनी मला एकच वचन पाठवलं, यिर्मया 29:11. अकरा जणांनी 29:11, हिशोब बरोबर जुळतो. तिघांच्यात तर सूर्योदयाचा फोटो पण तोच. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत वगैरे. मी चिडून बायबल उघडलं आणि पहिल्यांदा त्याच्या आधीचं दहावं वचन वाचलं. तिथे लिहिलंय बाबेलात सत्तर वर्षं भरल्यावर! म्हणजे कैद करून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने पत्र लिहिलंय की घरं बांधा, बागा लावा, पोरांची लग्नं करा, इतक्यात काही सुटका नाही. ज्यांनी ते पत्र ऐकलं त्यातले किती जण सत्तर वर्षांनी जिवंत असतील? आणि आपण ते सप्लीमेंटरीला वापरतो.

आणि मग आठवलं की हेच वचन मी तुला पाठवलं होतं. बाबांना कबरस्तानात पोचवून तू घरी आलास त्याच दुपारी. सूर्योदयासकट. मी कॅम्पमध्ये आराधना लीड करत होतो, दोन सेशनच्या मध्ये पाच मिनिटं होती, त्यात ते फॉरवर्ड केलं आणि मला बरं पण वाटलं, काहीतरी केल्यासारखं. तू फक्त "वाचलं" लिहिलंस.

नंतर फोनवर भांडलो तेव्हा तू म्हणालेलास की एलीया संदेष्टा झाडाखाली मरण मागत बसला तेव्हा देवदूताने आधी भाकर दिली, पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत उठवून खायला घातलं, प्रवचन नाही दिलं. मी म्हणालो संदर्भ सोडून बोलू नकोस. (हसू नकोस. आणि तू पण कमाल आहेस, उपासनेला येणं सोडलंस आणि भांडताना दाखले सगळे तिथलेच.)

ते वर्षात पूर्ण बायबल वाचायचं, आठवतंय? 1189 अध्याय, रोज सव्वातीन. तू पैज लावलेलीस मी लेवीयातल्या नियमांत अडकणार. नाही अडकलो! पहिल्या इतिहासातल्या नऊ अध्याय वंशावळ्यांनी जीव घेतला पण तेही पार केलं. डिसेंबरअखेर ईयोब संपवून 478 झाले, चाळीस टक्के, म्हणजे काठावर पास. पण बरं झालं ईयोबाशी येऊन थांबलो. मुलंबाळं, मालमत्ता, तब्येत सगळं गेल्यावर त्याचे ते तीन मित्र आधी सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहतात, कोणी एक शब्द बोलत नाही. तेवढंच त्यांनी नीट केलं. नंतर तोंड उघडलं आणि शेवटी देवाकडून शिव्या खाल्ल्या. मी कोण ते शोधत होतो. मी सोफर. तो ईयोबाला तोंडावर सांगतो की तुझ्या पापाच्या मानाने देवाने कमीच केलंय. पण तिसऱ्या फेरीत बाकीचे दोघे बोलतात तेव्हा सोफर गप्प असतो, तेवढी तरी अक्कल त्याला. मी तर सात दिवस बसलोही नाही, थेट भाषणालाच सुरुवात.

देव नाही असं मला वाटत नाही, हे तुला चीड आणणारं असेल पण खरं आहे. तो आहे आणि माझ्याकडे शब्द नाहीत. सध्या रात्री फक्त स्तोत्र 88 वाचतो. बाकीची रडकी स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळण घेतात, हे घेत नाही, अंधारातच संपतं. कोणी त्याला नीट शेवट लावला नाही हे मला फार आवडतं. त्याला प्रार्थना म्हणायचं का? तू सांग, तू आधी या रस्त्याने गेलायस. आणि शुक्रवारचं सोडू का? पाळकसाहेब म्हणतात "अशी वेळ येते, चालू ठेव". आई म्हणते नजर लागली, जी आपल्यात मानत नाहीत.

हां, त्या रात्री नंतर एक झालं. सगळे गेल्यावर त्या पहिल्या बाकावरच्या आजी आल्या, मला वाटलं आता वचन येणार. त्या म्हणाल्या, खुर्च्या आवरायला थांबतोस का. मग आम्ही दोघांनी खुर्च्या मिटून भिंतीला लावल्या, त्यांना दोन उचलवत नव्हत्या म्हणून त्या एकेक आणत होत्या. काहीच बोलल्या नाहीत. जाताना दिवा मात्र मला बंद करायला लावला.

तुझ्या नोकरीचं कळलं, अभिनंदन, नीट नंतर विचारतो. आईंचा गुडघा कसा आहे? धाकटीला म्हणावं तिचं पुस्तक माझ्याकडेच आहे, हरवलेलं नाही.

पुढच्या शनिवारी येतोय. नको म्हणायचं असेल तर आधी कळव. येऊन काही बोलणार नाही, वचन तर नाहीच. सात दिवस जमणार नाही, मला दोनच सुट्ट्या आहेत.

तुझा,
सोफर

ता. क. गिटारची तार तूच तोडली होतीस.