पडद्याकडे पाठ करून बसलेल्या ताईंना

आदरणीय ताई,

आजारी मुलाची सेवा करणाऱ्या एका आईवरचा माझा माहितीपट पूर्ण होऊन सहा महिने उलटले, तरी तुम्हाला लिहायला बसले की पहिल्याच ओळीवर हात थांबतो. समोर बसून आभार मानले असते तर तुम्ही विषय बदलला असता, म्हणून हे जाहीर पत्र.

तुमच्याकडे येण्याआधी वर्षभर मी अनेकांचे उंबरठे झिजवले होते. एका नामवंत निर्मात्याने माझा रफ कट, म्हणजे संकलनाचा पहिला कच्चा खर्डा, पुढे पळवत दहा मिनिटांत पाहिला आणि वर्षानुवर्षे सेवा करणारी ती आई ‘पुरेशी रडत नाही’ असा अभिप्राय दिला. एका संस्थेने अर्थसाहाय्य कबूल केले, मात्र तिच्या रडण्याचे आणखी चित्रीकरण करून आणण्याची अट घातली. मी नकार दिल्यावर माझ्या पत्रांना उत्तर देण्याचे सौजन्यही त्यांनी दाखवले नाही. ती कटुता अजून गेलेली नाही आणि ती लपवावी असेही मला वाटत नाही.

तुमच्या पुरस्कारांविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. मला मोलाचे वाटते ते तुमचे कामाचे वळण: एकेका विषयाला चार-पाच वर्षे देणे, सुरुवातीचे कित्येक आठवडे कॅमेरा पिशवीतून बाहेरच न काढणे, आणि निवेदकाच्या आवाजावर विसंबून न राहता माणसांच्या बोलण्यावर, त्याहूनही अधिक त्यांच्या गप्प राहण्यावर चित्रपट उभा करणे. माझा तीन तासांचा रफ कट तुम्ही एकदाही न थांबवता पाहिलात आणि एवढेच विचारलेत, “हे तिने पाहिलं आहे का?”

तिने पाहिले नव्हते. पुढच्याच आठवड्यात तुम्ही माझ्याबरोबर तिच्या घरी आलात. मी भिंतीवर पडदा लावला, प्रोजेक्टर सुरू केला, आणि तुम्ही पडद्याकडे पाठ करून जमिनीवर बसलात. दोन तासांहून अधिक काळ तुम्ही चित्रपट पाहिलाच नाही. तुम्ही तिचा चेहरा पाहत होतात. मुलाला अंघोळ घालण्याच्या दृश्याला तिने नजर खाली वळवली. ती काही बोलली नाही, मला तर ते दिसलेही नाही, पण तुम्ही वहीत एक बारीकशी खूण केलीत. संमतीपत्रावर तिची सही आहे, असे मी परतताना म्हटले, तेव्हा तुम्ही शांतपणे उत्तर दिलेत, “सही तिने चित्रीकरणाआधी केली होती. दृश्य तिने आज पाहिलं.”

छायाचित्रणाच्या दृष्टीने ते माझे सर्वांत सुंदर दृश्य होते. दुसऱ्या दिवशी तिला विचारून मी ते काढून टाकले.

ज्यांचे चित्रीकरण केले त्यांनाच ते दाखवण्याची ही रीत माहितीपटाइतकीच जुनी आहे, हे मला नंतर उमगले. अमेरिकी माहितीपटकार रॉबर्ट फ्लाहर्टी यांनी १९२२ साली प्रदर्शित झालेल्या आपल्या ‘नॅनूक ऑफ द नॉर्थ’ या चित्रपटासाठी उत्तरेकडच्या बर्फाळ प्रदेशात चित्रीकरण करताना फिल्म तिथेच धुऊन तिथल्या मूळ रहिवासी इनुइट लोकांना दाखवली होती. फ्रेंच चित्रपटकार जाँ रूश आणि समाजशास्त्रज्ञ एदगार मोरँ यांनी १९६० च्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये ज्यांचे चित्रीकरण केले, त्यांनाच ते दाखवले आणि त्यांचे परखड आक्षेपही चित्रपटात ठेवले. पुस्तकांत हे सारे ‘पद्धत’ म्हणून नोंदले जाते. तुमच्या त्या बसण्यात मात्र मला पद्धत दिसली नाही, साधी माणुसकी दिसली: ज्याच्या दुःखावर आपण चित्रपट करतो, त्याच्यासमोर आपण पाहुणे असतो, ही जाणीव. कीर्ती मिळाल्यावरही ती जपणारी माणसे या क्षेत्रात आहेत, हे तुम्हाला भेटण्यापूर्वी मी मानायला तयार नव्हते.

परवा त्या आईकडे गेले होते. ‘पडद्याकडे पाठ करून बसलेल्या त्या बाई’ पुन्हा कधी येणार, असे तिने विचारले. तुम्हाला न विचारताच मी पुढच्या महिन्यात घेऊन येते, असे सांगून आले आहे.

आपली कृतज्ञ,
एक नवी दिग्दर्शिका